क्लच ढिला ठेवा, आप्पा

माझ्या थोरल्या भावाने झाकण लावलेली बरणी आमच्या घरात दुसऱ्या कुणाला उघडत नाही. नीलम्मावहिनी होती तेव्हा ती लोणच्याची बरणी घेऊन शेजारी जायची. शेजारचा सयाजी तालमीतला गडी. तो बरणी गुडघ्यांत धरून झटायचा आणि घामाघूम होऊन म्हणायचा, "वैनी, आमच्यातलं लोणचं न्या, पर ह्ये परत आणू नका." भावाने पिळलेल्या नळाचे वायसर महिन्याभरात फाटायचे. प्रवासाला निघताना तो बॅगेला सुतळीचे इतके वेढे घालायचा की मुक्कामी पोचल्यावर ती विळ्याने कापावी लागायची. ढिलं काही दिसलं की त्याच्या हातांना चैन पडायची नाही.

त्याचं नाव महांतेश. माहेरच्या गावी, कबनूरला, त्याला सगळे आण्णा म्हणतात, मीही. मी शांभवी, त्याची धाकटी बहीण, जयसिंगपूरला दिलेली. तिथे आमचं वह्यापुस्तकांचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून माझी जीभ चांगली तिखट झाली आहे. त्या ग्रहणाच्या दिवशी मात्र ती दाताखाली धरून बसायची वेळ आली. आजही आठवलं की घाम फुटतो.

आण्णाचं सगळं आयुष्य यंत्रमागांवर जॉबर म्हणून गेलं, आमच्या घरच्या शेडात आणि गावभर. माग अडला, धोटा उडाला, कापडात पट्टा पडायला लागला की जॉबरला हाक मारायची. आण्णा यायचा, मागाच्या अंगावर तळवा ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "हितं खेळ हाय." खेळ म्हणजे यंत्राच्या दोन भागांमधली नको तेवढी मोकळीक. मग पाना घेऊन तो खेळ काढून टाकायचा. ज्याचा जन्मभराचा धंदाच खेळ काढायचा, त्याला बरणी तरी ढिली कशी खपणार?

माग चालू असताना तिथे बोललेलं ऐकू येत नाही. माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. आम्ही त्यातच वाढलो. आमची आई, अव्वा, दारात उभी राहून आवाज न काढता नुसते ओठ हलवायची आणि शेडच्या पार पलीकडे आण्णाला कळायचं की भाकरी झाली. पुढे आण्णाला थोडं कमी ऐकू यायला लागलं, पण त्याचं कुणी काही मनावर घेतलं नाही. मागावर काम करून कान शाबूत ठेवलेला माणूस कबनुरात शोधावाच लागेल.

त्याची एकुलती एक मुलगी प्रेरणा, ती मात्र त्याला आप्पा म्हणते. तिला लहानपणापासून आकाशाचं वेड. नोकरी लागल्यावर तिने दुर्बीण घेतली आणि तिच्यासाठी संगणकावर चालणारं माउंट घेतलं. माउंट म्हणजे दुर्बिणीची मान. खाली तिपाई, वर नळी आणि मधे हे लोखंडी धूड. आत मोटर आणि पितळी दातेरी चाकं. रिमोटवर शनी म्हणून सांगितलं की ही मान आपोआप वळते आणि शनीपाशी थांबते. पुढे प्रेरणाला बेल्लारीकडे एका निवासी शाळेत नोकरी मिळाली. राहायची खोली लहान, म्हणून ती हे सगळं आण्णाकडे ठेवून गेली.

आण्णाने माउंट प्लॅस्टिकच्या दोन कागदांत गुंडाळलं, वरून दोरी आवळली आणि शेडच्या माळ्यावर कुलपात ठेवलं. किल्ली कमरेला. मी म्हटलं, "आण्णा, येवढं काय त्यात?" तर म्हणाला, "तिची वस्तू हितं हाय तवर ती हितं येणार. वस्तू गेली की पोरगी गेली."

"पोरगी हाय का गहाण टाकलेला दागिना?" मी विचारलं. तो नुसता हसला. तेव्हा वहिनी नुकतीच गेली होती, म्हणून मीही पुढे ताणलं नाही.

प्रेरणा दर सणाला यायची. पण त्या वर्षी शिवरात्रीनंतर तिचं येणं तुटलं. उगादीच्या गुढीपाडव्याला आली नाही, बसवजयंतीला आली नाही, गणपतीत रजा असून आली नाही. मी विचारलं की म्हणायची, "काम आहे, आत्ती." आण्णा म्हणायचा, "दर रईवारी फोन हाय की तिचा." मग दिवाळीच्या तोंडावर माझ्या मोबाइलवर तिचा निरोप आला. ग्रहणादिवशी दुपारी येते, गच्चीवर गल्लीतल्या सगळ्यांना ग्रहण दाखवू, आणि दुसऱ्या दिवशी दुर्बीण, माउंट सगळं घेऊन जाते. कायमचं.

मी तो निरोप आण्णाला दाखवला. त्याने दोनदा वाचला. "बरं," म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "मशिन तिला चोख दाखवायचं. म्हंजे तिला वाटंल, आप्पाच्या हाताखाली बरं हाय, ऱ्हाऊ दे हितंच." त्याचा सगळा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता.

ही दोन हजार बावीसची दिवाळी. लक्ष्मीपूजन झालं, पाडवा व्हायचा होता आणि मधल्या दिवशी संध्याकाळी सूर्यग्रहण. भाऊबीज आली होतीच, मी आधीच येऊन बसले. माग बंद होते. कबनुरात इतकं गप्प असतं ते दिवाळीतच.

दुपारी जेवणं झाल्यावर आण्णाने माउंट गच्चीवर आणलं. दोरीची गाठ सुटेना, तेव्हा नेहमीप्रमाणे विळा आला. प्लॅस्टिक उलगडलं आणि आतून ओलसर, कुबट वास आला. पावसाळ्याची दमट हवा आत कोंडली होती. स्क्रूंच्या डोक्यांवर तांबूस गंज धरला होता. आण्णाने तो धोतराच्या सोग्याने पुसला आणि दोन्ही हातांनी ती मान हलवून दाखवली.

"बग. इतकंसुदिक हालत न्हाय. आलतं तवा खेळ हुता ह्यात. मी सगळा काढला."

"प्रेरणाला इचारलंस?"

"तिनंच सांगिटलंय फोनवर. ढिलं ठिऊ नका म्हणून."

त्याने वायर जोडली, रिमोटचं बटण दाबलं आणि एक बारीक, चिरका आवाज सुरू झाला. दात शिवशिवावेत असा. मोटर जीव तोडून ओढत होती आणि मान जागची हलत नव्हती. मी कानांवर हात ठेवले. "आण्णा, बंद कर!" मी त्याच्या पाठीमागे होते. त्याने वळून पाहिलं नाही. आता फिरेल, मग फिरेल असा चेहरा करून तो मानेकडे बघत उभा. "आण्णा!" मी ओरडले. पलीकडच्या गच्चीवरची सयाजीची बायको वळली, पण माझा भाऊ वळला नाही. जळका वास त्याच्या नाकात गेला तेव्हा कुठे त्याने वायर उपटली.

मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले. "तो आवाज तुला आला न्हाय?"

"कसला आवाज?"

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन थरथरला. तो फोनचा आवाज इतका मोठा ठेवतो की शेजारी उभ्या माणसालाही पलीकडचं बोलणं कळतं. प्रेरणाच होती.

"आप्पा, निपाणी सोडली. तुम्ही माउंट चालू करून बघितलं का?"

"जेवलो की मी. तू जेवलीस का?"

"मी माउंटचं विचारते, आप्पा."

"व्हय व्हय."

पलीकडून "बरं" म्हणून तिने फोन ठेवला. त्या "बरं" मध्ये इतका कंटाळा होता की मला तो फोन गटारात टाकावासा वाटला.

"आण्णा," मी ओठ नीट हलवत विचारलं, "फोनवर तुला काय कळत न्हाय?"

तो रिमोटची वायर गुंडाळत राहिला. "आवाज येतो. शब्द येत न्हाईत," म्हणाला. "नुसती भुणभुण. शेवटाला वर गेली की समजायचं, कायतरी इचारतीया. जेवायच्या टायमाला जेवलासा का, एरवी काय पाठवू का, आसंच आसतंय तिचं. मग म्हणायचं, न्हाय न्हाय, काय गरज न्हाय. खाली गेली की व्हय व्हय."

"कवापास्नं?"

"नीला गेल्यापास्नं. ती हुती तवा ती फोन घ्याची आन मला ओठानं सांगायची."

आता माझी जीभ सुटली. कानाचं यंत्र का घेतलं नाहीस, पोरीला का सांगितलं नाहीस, ह्यात लाज कसली, सगळं बोलून घेतलं. त्याने ते सगळं ओठांवरून वाचलं.

"कानात मशिन घालून शेडात गेलो तर जॉबर म्हणून हाक कोण मारंल? आन पोरीला कळलं तर नोकरी सोडून मला राखत बसंल. तुला अव्वाची शपथ हाय शांभे. एक शब्द बोलायचा न्हाय."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. याने मूठ झाकली होती आणि आत काय आहे ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. पण आमच्यात मेलेल्या आईची शपथ मोडत नाहीत.

मग झटापट सुरू झाली. ज्या स्क्रूंनी त्याने खेळ काढला होता, ते त्याला आता सोडवायचे होते, आणि ते गंजून घट्ट बसले होते. पाना लावायचा, जोर करायचा, पाना सटकायचा. दोनदा त्याचं बोट सोललं. सूर्य गच्चीच्या कठड्याकडे उतरत होता आणि प्रेरणाची गाडी जवळ येत होती. माझं सगळं लक्ष खाली रस्त्याकडे. रिक्षा वाजली की मी कठड्यावरून वाकून बघायचे.

"त्याल आण शेडातनं," तो म्हणाला.

मी खाली शेडमध्ये गेले. सगळे माग गप्प उभे होते आणि प्रत्येक मागाचा ताणा सैल सोडलेला. दिवाळीला माग बंद करताना आण्णा तो स्वतःच्या हाताने सोडतो. ताणलेलं सूत चार दिवस तसंच ठेवलं तर ते थकतं आणि माग चालू केल्यावर कापडात डाग उठतो. हे मला तो मी परकर नेसत होते तेव्हापासून सांगत आला आहे. मी तेलाची बाटली तशीच हातात घेऊन वर धावले.

"मागांना ढील दिलीस. मग ह्याला का न्हाय दिलीस?"

"माग माझं हाईत," तो म्हणाला. "ह्ये तिचं."

एवढं बोलून त्याने पाना खाली ठेवला. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेने मला घाबरायला झालं.

"शांभे, मला ढिलं आन नका, येवढंच उमगलं हुतं. तिनं ढिलं ठेवा म्हटलं आसंल काय गं?"

मी उत्तर द्यायच्या आत जिन्यावर पावलं वाजली. मी वळले म्हणून तो वळला. प्रेरणा वर आली होती, खांद्यावर पिशवी, प्रवासाने चेहरा उतरलेला. आमच्या पायाही न पडता ती सरळ माउंटपाशी गेली. तिने एका हाताने मान हलवून पाहिली, मग बाजूची लहान दांडी पाहिली. ती दांडी म्हणजे क्लच. सोडला की मान हाताने मोकळी फिरते, आवळला की दात्यांत अडकते. क्लच आवळलेला होता. मग तिला स्क्रूंवरचे पान्याचे ओरखडे दिसले, ताजेही आणि जुनेही.

"हे कुणी आवळलं?"

आण्णा तिच्या ओठांकडे बघत होता. "मी."

"मी तीनदा सांगितलं होतं. ठेवताना क्लच ढिला ठेवा, आप्पा. आतला थोडा खेळ तसाच राहू द्या, स्क्रूंना हात लावू नका. प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका. तुम्ही तिन्ही वेळा व्हय व्हय म्हणालात." तिने एका ताज्या ओरखड्यावर बोट ठेवलं. "तुम्हाला सगळं माहीत होतं. तुम्ही मुद्दाम केलंत. मी नेऊ नये म्हणून."

हे त्याने शब्दन्शब्द वाचलं. मला वाटलं, आता तरी बोलेल. चूक झाली, ऐकू आलं नाही, एवढं म्हटलं की सुटला असता. त्याने मान खाली घातली.

"व्हय," तो म्हणाला. "मुद्दाम केलं."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा पोरीच्या डोळ्यांत खुनशी ठरणं या माणसाला परवडत होतं! मी तोंड उघडलं आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं की अव्वाच समोर उभी राहिली. मी तोंड मिटलं.

प्रेरणाने पिशवी खाली ठेवली. ग्रहण लागायला फार वेळ नव्हता. गल्लीतल्यांना बोलावून झालं होतं. ती माउंटसमोर गुडघे टेकून बसली, आमच्याकडे पाठ करून. क्लचची दांडी तिने तळहाताने ठोकून सैल केली, मग तेलाचे थेंब स्क्रूंवर सोडले. आण्णा तिच्यामागे उभा होता. खाली ठेवलेला पाना त्याने पुन्हा उचलून हातात धरला होता.

"पाना द्या, आप्पा."

तो तसाच उभा.

"आप्पा, पाना."

मी पुढे झाले. पाना त्याच्या हातातून घेऊन तिला दिला असता तर सगळं निभावलं असतं, जसं वहिनीने इतकी वर्षं निभावलं. पण मी थांबले. शपथ न बोलायची होती. पाना द्यायची कुणी घातली नव्हती. मी हात बांधून कठड्याला टेकले.

"आप्पा, मी पाना मागते आहे," ती मोठ्याने म्हणाली.

आण्णा तिच्या पाठीकडे बघत होता, काही चुकतंय हे कळलेल्या माणसासारखा. प्रेरणाचे हात थांबले. तिने वळून पाहिलं नाही. मला तिची फक्त मान दिसत होती, आणि ती मान अगदी ताठ झाली. मग साध्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून, माउंटकडेच बघत तिने विचारलं, "आप्पा, मी नोकरी सोडून घरी परत येऊ का?"

भुणभुण शेवटाला वर गेली असणार.

"न्हाय न्हाय," आण्णा घाईने म्हणाला. "काय गरज न्हाय. तू तिकडं बरी हायस."

प्रेरणा जमिनीवरच बसली. तिने तोंडावर हात धरला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आत्ती, शिवरात्रीनंतरच्या रविवारी मी फोनवर हेच विचारलं होतं. इथे जवळच, वारणानगरला, एका शाळेत जागा निघाली होती. मला तिकडे करमत नव्हतं. हेच उत्तर मिळालं. असंच्या असं. मला वाटलं, आप्पांना मी नकोच आहे." तिने नाक पुसलं. "ती जागा तेव्हाच भरली."

मला रडू आवरेना. रागही आवरेना. आठ महिने एक पोरगी परक्या मुलखात बाप नको म्हणाला म्हणून कुढत होती, आणि हा इथे तिची वस्तू कुलपात घालून तिची वाट बघत होता.

आण्णा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. "काय झालं? शांभे, काय म्हणली ती?"

मी मान हलवली. सांगणार नाही. तूच शपथ घातलीस.

प्रेरणा उठली. त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. तीही मागाच्या घरातलीच पोर. तिने आवाज काढला नाही, नुसते ओठ हलवले, अव्वा दारातून हलवायची तसे. तिची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे मला फक्त आण्णाचा चेहरा दिसत होता. तो डोळे बारीक करून तिच्या ओठांकडे बघत होता. पण तिचे ओठ रडण्याने थरथरत होते, आणि थरथरते ओठ वाचता येत नाहीत. "व्हय व्हय" त्याच्या जिभेच्या टोकावर आलेलं मी बघितलं. ते त्याने गिळलं.

"कळलं न्हाय," तो म्हणाला. "मला ऐकाय येत न्हाय, बाळ. परत सांग."

हे शब्द मी माझ्या भावाच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकले.

प्रेरणाने डोळे पुसले, श्वास घेतला आणि पुन्हा विचारलं, सावकाश, आवाजासकट. "आप्पा, मी घरी परत येऊ का?"

"ये की!" आण्णा एवढ्या मोठ्याने म्हणाला की जिन्यावरून चढणारी गल्लीतली माणसं जागीच थांबली. "इचारतीस काय? मी कवा नको म्हणलोय तुला?"

प्रेरणाने त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि ती पुन्हा माउंटपाशी बसली, या वेळी त्याच्याकडे तोंड करून.